न जाळलेला पट्टा

वडिवळ्याच्या सरूबाईंना दोन गोष्टी जन्मात जमल्या नाहीत. एक पडती बाजू घेणं, आणि दुसरी झालेला अपमान विसरणं. नवरा गेल्यावर धरणाखालची भातखाचरं त्यांनी एकटीनं कसली, दोन मुली उजवल्या, आणि भांडणात शेवटचा शब्द कधी दुसऱ्याला दिला नाही. त्यांच्याशी वाकडं घेतलेला माणूस पुढं बरेच दिवस जपून असे.

पुण्याहून आलेल्या गौरवला हे कोण सांगणार?

गौरव संशोधक. पावसाचं मान बदललं, जंगल विरळ झालं, तर मातीतला कर्ब आणि कस जातो कुठं आणि परत येतो कसा, हा त्याचा अभ्यास. सरूबाईंनी त्याला पोरासारखं मानलं, आपल्या राबावर नेलं. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, फांद्या, पालापाचोळा असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात तो राब सावकाश जाळायचा, हा मावळचा जुना रिवाज. त्यांनी सगळं दाखवलं आणि वर भाकरी-ठेचा खाऊ घातला.

महिन्याभरानं भैरवनाथाच्या मंडपात सभा झाली. पांढरा पडदा लागला. पडद्यावर धुरात काठी घेऊन उभ्या सरूबाई, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मातीचा ऱ्हास'. गौरवनं नाव घेतलं नव्हतं. पण ते लुगडं गाव ओळखत होतं. शेजारच्या खाचराचा मारुती मोठ्यानं म्हणाला, "सरूकाकी, अख्खी माती जाळली की वो तुमी!"

मंडप हसला.

तेव्हापासून लग्नात, दूध डेअरीवर त्या 'माती जाळणाऱ्या' झाल्या. मातीवर जगलेल्या बाईला याहून वाईट शिवी नाही. ज्या मंडपात नाव गेलं, त्याच मंडपात ते परत घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. सापानं धरावा तसा डूख धरला.

पुढच्या उन्हाळ्यात गौरव पुन्हा आला. राबाशेजारी एक पट्टा न जाळता ठेवायचा आणि दोन्हीकडं रोप टाकून बघायचं, असा त्याचा प्रयोग. कुणी जागा देईना.

"ठेव की माज्या रानात," सरूबाई म्हणाल्या.

गौरवला वाटलं, मावशींचा राग निवळला. सुतळीनं पट्टा आखून तो पुण्याला गेला. इकडं सरूबाईंनी निवलेल्या राबातली राख पाट्या भरभरून त्या पट्ट्यात ओतली आणि कुदळीनं खाली घातली. रोप उगवल्यावर न जळलेल्या बियांचं तण बोटांनी उपटून म्हशीला घातलं. दोन्हीकडं सारखंच हिरवंगार रोप आलं. गौरव हरखला. मंडपात पुन्हा पडदा लागला.

"न जाळताही रोप तेवढंच येतं," त्यानं सांगितलं.

सगळ्यांआधी मारुती उठला. "येत्या साली माज्या राबाला काडी लावायची न्हाई. मी काय अडाणी हाय व्हय?"

"लय शाना हायेस," खांबाला टेकलेल्या सरूबाई म्हणाल्या.

पुढच्या आषाढात मारुतीच्या वाफ्यात गवत वर आणि रोप खाली. पिवळं, केसासारखं. खाचरं पाण्यानं भरलेली, आणि लावायला काही नाही. तो सरूबाईंच्या बांधावर येऊन उभा राहिला.

"काकी, रोप उरलं असंल तर…"

"पडद्यावर बघ की. तितं लय हिरवं हाय."

मारुतीनं मान खाली घातली. मागितल्या रोपाला त्या गावात नाही म्हणत नाहीत. सरूबाईही म्हणाल्या नाहीत. रोपाच्या मुठी त्याच्या डोक्यावर चढवल्या आणि बजावलं, "बांधानं जायाचं न्हाई. देवळावरनं जा." पाऊस म्हणून निम्मं गाव मंडपात बसलेलं होतं.

त्याच आठवड्यात गौरव आला. गेल्या साली त्या पट्ट्यातून तपासायला पुण्याला नेलेल्या मातीचा निकाल लागला होता. हातातल्या बाटलीत कोळशाचे बारीक कण होते.

"मावशी, न जाळलेल्या पट्ट्यात हे कुठून आलं?"

"मी घातलं."

गौरव बांधावरच बसला. "माझं सगळं काम वाया गेलं. का केलंत?"

"तू माजा फोटू मला इचारून लावलास?"

"मी तुमचं नाव नव्हतं घेतलं."

"नाव घेऊन बोलायला छाती लागती."

त्यानं बाटली खिशात घातली. मग म्हणाला, "आता खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. राख तुम्ही घातलीत, हेसुद्धा."

"सांग. त्याच मंडपात. आन् माजा फोटू बी लाव."

मंडप भरला. पडद्यावर तोच धूर, तीच काठी. खालची अक्षरं मात्र नव्हती. गौरवनं काही झाकलं नाही. प्रयोग कसा फसला, कुणी फसवला, सगळं सांगितलं. आणि राब का जाळतात हे पुरतं तपासण्याआधी या बाईंना मातीची वैरीण ठरवलं, ती चूक आपली, असंही म्हणाला.

सगळ्यांच्या माना सरूबाईंकडं वळल्या. कुणी हसलं नाही. मारुतीसुद्धा नाही.

सरूबाईंनी पदर सारखा केला.

"जरा मोठ्यानं सांग," त्या गौरवला म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."