पाणी घातलेलं पीठ

उद्या काला. सत्तरीची बाई भाकरींची टोपली घेऊन देवळाच्या मंडपात शिरणार, आणि समोरून कुणी ती टोपली लाथाडली तर? संध्याकाळपासून दुसरं काही सुचत नाही. ही बाई म्हणजे माझ्या सासूबाई, राहीबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणते. आम्ही मातंग. तिसगावजवळच्या गावात त्या एकट्या राहतात, आम्ही नगरला. माझी आरती, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, कालच आजीकडे गेलीय. त्यामुळे जीव आणखीच टांगणीला.

गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो. शेवटच्या, काल्याच्या दिवशी टेम्पो घरोघरच्या भाकरी गोळा करतो. आमच्या वस्तीवरही थांबतो, पण भाकरी घेत नाही, पीठ घेतो. ते पीठ वरच्या आळीत जातं, तिथल्या चुलीवर त्याच्या भाकरी होतात, मग त्या चालतात. आत्याबाईंनी चाळीस वर्षं असं पीठ दिलं. कीर्तन मात्र एकही चुकवलं नाही. मंडपाबाहेर बसून ऐकलं.

गेल्या वर्षी टेम्पो आला तेव्हा त्यांनी परात पुढे केली. सप्ताहाचे प्रमुख सूर्यभान पाटील बघतच राहिले.

"राही, हे काय?"

"पीठ."

"अगं, मळलंय की!"

"मग? भाकरी तर न्हाई ना. नुसतं पाणी घातलंय. तेबी तुमच्याच टाकीतलं."

टेम्पोतले सगळे हसले. पाटील हसले नाहीत. "पाणी लागलं की चालत न्हाई. पहिल्यापासून असंच हाय."

"कुणाला चालत न्हाई? देवाला इचारलंय का? मी तर रोज इचारते, त्यो कधी न्हाई म्हनला न्हाई."

टेम्पो वस्तीचं पीठ न घेताच निघून गेला.

पाटलांची बायको भागूबाई. कांदे काढायला ती आणि आत्याबाई शेजारी शेजारी बसतात, आणि दुपारी बांधावर आत्याबाईंच्या फडक्यातली भाकरी ती मागून खाते. या हंगामात आत्याबाईंनी तिला विचारलंच, "बांधावर माझी भाकरी ग्वाड लागती, देवळात तिला काय हुतं गं भागे?" सप्ताहात भागूबाई सातही दिवस उपास धरते. परवा भर मंडपात, नवऱ्यादेखत, विण्याच्या पाया पडून ती म्हणाली, "माझा उपास राहीच्या भाकरीनं सुटंल. न्हाईतर सुटनार न्हाई."

तेव्हापासून गाव पेटलंय. पाटलांच्या मुलाने, कल्याणने, सप्ताहाच्या ग्रुपवर टाकलं: 'परंपरा मोडणाऱ्यांनी परिणामांची जबाबदारी स्वतः घ्यावी.' आरतीने ते मला पाठवलं आणि लगेच फोन केला.

"मम्मी, टोपली मी घेणार डोक्यावर. आजीच्या मानेला झेपत नाही."

"काही नको. सकाळच्या गाडीनं निघून ये. आजीलाही आण."

तिने फोन आजीकडे दिला.

"सूनबाई, तुला बी.ए. कशाला केलं गं? पोरीला घरात कोंडायला?"

लग्नानंतर मला कॉलेजात घातलं ते त्यांनीच. तीन वर्षं तान्ह्या आरतीला झोळीत टाकून त्यांनी लोकांचे कांदे काढले. वस्तीतल्या बायका टोमणे मारायच्या, "सून मॅडम, सासू मोलकरीन!" त्या म्हणायच्या, "मॅडमची सासू म्हना."

"आत्याबाई, मारामारी झाली तर?" मी विचारलं.

"हुईल ती हुईल. भागी तितं सात दिस उपाशी बसलीय माझ्यासाठी. आन् मी घरी बसू व्हय?"

मला भीती वाटतेय. हे लिहितानाही वाटतेय. पण पाटलाच्या घरातली एक बाई उपाशी राहून आमची वाट बघतेय, आणि शिकलेली मी माझ्या पोरीला पळून ये म्हणतेय, हे मला सहन होत नाही. भीतीपायी आम्ही चाळीस वर्षं पीठ दिलं. आता पुरे.

आत्याबाई पहाटे चारला चूल पेटवतात. तेव्हा मी फोन लावणार आहे. परत या म्हणायला नाही. सांगणार आहे, "दुसरी टोपली काढून ठेवा. पहिल्या एसटीनं येतेय."