पाण्याचा हात

पाणी शिंपडावं तर नत्थुजींनीच. अंजनगावकडे त्यांचा पानमळा होता. खुडलेल्या पानांवर दिवसभर पाणी मारायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. दुष्काळाच्या वर्षांत विहिरीचं पाणी तळाला गेलं, वेली वाळल्या. सवय मात्र गेली नाही.

मग त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, माहेरहून ग्लॅडिओलसचे कंद आणले. थोडक्या पाण्यात पहिल्या हिवाळ्याला फुलं बरी आली. उन्हाळ्यात कंद काढून, सुकवून त्यांनी ते अकोल्याच्या शीतगृहात ठेवले. पुढची लागवड तेवढ्यावरच होती. ती हुकली तर मळा सोडून लेकाकडे तिवशाला जायचं, असं घरात ठरलं होतं. नत्थुजींच्या ते अगदी जिवावर आलं होतं.

पावसाळ्यात ते एकटेच कंद बघायला गेले. शीतगृह सांभाळणाऱ्या तनवीरने दार उघडलं. बटाट्यांच्या थप्पीमागे त्यांच्या जाळीच्या पिशव्या होत्या. एक कंद त्यांनी तळहातावर घेतला. हलका, सुरकुतलेला.

"अरे बापा, हे तं तहानेनं मरून राहिले!"

"नाई काका, झोपले हायेत," तनवीर म्हणाला. "थंडीत त्याईचा श्वास हळू चालते, आतलं पाणी बी हळूच उडते. पिठाची साखर होते, तेच मंग कोंबाले लागते. पाणी लावू नका."

नत्थुजींनी मान डोलावली. पण डोक्यात शिरेल तर शपथ! तनवीर बटाट्यांकडे वळला तशी त्यांनी बाटली काढली आणि पुढच्या पिशव्या पानांसारख्या भिजवल्या. पुढच्या फेरीलाही तेच. फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

लागवडीच्या वेळी त्या पिशव्या उघडल्या, तर आत नुसता कुजलेला काला आणि कुबट वास. मागच्या कोरड्या पिशव्यांतल्या सुरकुतलेल्या कंदांना मात्र पांढरे कोंब आले होते.

"हे कावून केलं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"तहानले दिसले मले."

कौशल्याबाईंनी कोंब आलेले कंद तेवढे वेचून घेतले. अर्धाच मळा लागला, आणि नत्थुजींना त्यांनी पाण्याच्या पाटाजवळ फिरकू दिलं नाही. ते पाहुण्यासारखे बांधावर बसून राहिले. हे त्यांना फार लागलं.

हिवाळ्यात फुलांचे दांडे निघाले. मोजकेच, पण तिवशाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. कापलेले दांडे ओट्यावर पडले होते, बाजारची गाडी यायची होती आणि ऊन चढत होतं. कौशल्याबाईंनी भरलेली बादली आणून नत्थुजींपुढे ठेवली.

"घ्या जी. आता याईले खरंच तहान लागली हाय."

नत्थुजींनी बादलीत हात घातला आणि बराच वेळ तो तसाच पाण्यात राहू दिला.