पुडीतल्या गोळीचं नाव

"तुमच्या आईला आजारानं नाही, तुम्ही गप्प बसलात त्यानं मारलं असतं."

बारामतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे मला आणि दादाला वॉर्डाच्या दारात उभं करून सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

मग त्यांनी समजावलं. स्टेरॉइड म्हणजे सूज आणि दुखणं दाबणारं जोरकस औषध. तसलाच रस आपलं शरीर रोज स्वतः तयार करतं, मूत्रपिंडाच्या वर बारकी ग्रंथी असते तिच्यात. बाहेरून रोज गोळी मिळायला लागली की ती ग्रंथी काम सोडून बसते. मग गोळी एकाएकी बंद केली की शरीराजवळ ना घरचं उरतं ना बाहेरचं. ब्लड प्रेशर, म्हणजे रक्ताचा दाब, कोसळतो. वेळेत कळलं नाही तर माणूस जातो.

माझी शाळा लवकर सुटली. लग्न होऊन गोव्यात आले, मालक इथं बंदरावर मशीन चालवतात. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. पण ज्यांच्या घरी कागदाच्या पुडीतून औषध येतं, त्यांनी हे वाचाच.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याजवळच्या वस्तीवर. वडील लवकर गेले. आई दादा-वहिनीजवळ असते. तिचे गुडघे आणि बोटांची पेरं सुजायची, सकाळी तांब्या उचलवत नसे. तेव्हा एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून वस्त्यांवर फिरायचे. मी माहेरी गेलेली असताना त्यांनी आईला सुई दिली आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या दिल्या. एक पिवळी गोळी, एक गुलाबी, आणि एक बारकी पांढरी.

पंधरा दिवसांत आई खुरपायला गेली. सगळ्यांनी डॉक्टरांना हात जोडले. मी दिवाळीला गेले तर आईचं तोंड गोल गरगरीत झालेलं, गाल तुकतुकीत. शेजारच्या बायका म्हणायच्या, "सुनंच्या हातचं मानवलंय म्हातारीला." वहिनी लाजायची. मीसुद्धा मनातून निवांत होऊन गोव्याला परत आले. दोन वर्षं पुड्या चालू होत्या. दादानं एकदा गोळीचं नाव विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "नाव घेऊन काय लोणचं घालणार हाईस? गुण येतोय न्हवं?" सगळे हसले. दादाही हसला.

पुढं आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. जखम भरेना, पू धरला. दादा तिला आधी इंदापुरात एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. स्कूटरवाल्या डॉक्टरांचं नाव निघताच त्यांनी केसपेपर टेबलावर आपटला. "मग जा की त्यांच्याकडंच." झालं. दादा त्या दिवशी जे शिकला ते आमच्या भागात सगळ्यांना आधीच ठाऊक असतं : नव्या डॉक्टरपुढं जुन्याचं नाव काढायचं नाही. कागद दाखवायचे नाहीत, गोळ्यांचं बोलायचं नाही. डॉक्टरला राग येतो.

बारामतीला भरती करताना पुड्या घरीच कोनाड्यात राहिल्या. मुद्दाम ठेवल्या.

टाचेचं छोटं ऑपरेशन झालं, पू काढला. दुसऱ्या दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या. दादानं आमच्या खोलीखालच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला, "निघून ये." मी पोरं शेजारणीकडे ठेवली, कोल्हापूरपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी, मग तिसरी. सगळ्या वाटेनं एकच भीती : आपण पोचू तेव्हा खाटेवर कोण असेल?

आई होती. पण तिनं मला ओळखलं नाही. अंग पिळून टाकलेल्या लुगड्यासारखं. हातात सलाईन. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा एक्स-रे काढला, कार्डिओग्राम काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कागदावरची पट्टी. दर तपासणीनंतर आम्ही बाकावर बसायचो आणि दर वेळी डॉक्टर म्हणायचे, "यात एवढं काही दिसत नाही. मग दाब का उतरतोय?"

माझ्यासमोर त्यांनी विचारलं, "आधीपासून काही औषध चालू होतं का? नीट आठवून सांगा."

"न्हाय साहेब, कायबी न्हाय," दादा म्हणाला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी फरशीकडं बघितलं.

ते गेल्यावर मी म्हटलं, "दादा, पुड्यांचं सांगू का?"

"गप बस. चिडलं तर खाट सोडायला लावतील. एवढी शिकलेली माणसं, त्यांना आपसूक कळत न्हाय व्हय?"

मी गप्प बसले. दादाला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. मलाही तोंड होतं.

तिथं एक वयस्क सिस्टर होत्या, पिंपळीहून रोज यायच्या. दुपारी टाचेची पट्टी बदलताना त्यांनी आईचा दंड उचलून बघितला.

"आजी पडल्या होत्या का कुठं?"

"न्हाय."

"मग हे काळंनिळं कशाचं? आणि तोंड कधीपासून सुजलंय?"

मला रागच आला. "सुजलं न्हाय ओ. तब्येत सुधारलीय तिची."

"हात काटकीवानी आणि तोंड तेवढं सुधारलं? कसला खुराक हाय गं, मला बी सांग. माझ्या मालकांना घालते."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. "सिस्टर, तुमी चिडणार न्हाय ना?"

"आता सांगितलं न्हाईस तर चिडते. बोल."

मी सांगितलं. दोन वर्षं, रोज सकाळी, बारकी पांढरी. चार दिवस झाले, बंद आहे. सिस्टरांनी हातातला चिमटा ट्रेमध्ये टाकला आणि त्या धावत गेल्या. पन्नाशीची बाई अशी धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

डॉक्टर आले, पांढरी गोळी स्टेरॉइडचीच असणार म्हणाले, पुडीची वाट बघत बसले नाहीत. स्टेरॉइडचंच इंजेक्शन दिलं, सलाईन जोरात सोडलं. मग आम्हाला दारात उभं करून वर लिहिलं ते वाक्य बोलले. दादा भिंतीला टेकून खाली बसला.

संध्याकाळपर्यंत दाब चढला. दुसऱ्या सकाळी आईनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि पहिलं बोलणं काय, तर, "तू कवा आलीस? पोरं कुणापाशी टाकली?" असलं गोड बोलणं मी जन्मात ऐकलं नाही.

पुढचे बारा दिवस आम्ही तिथंच होतो. तोंड गोळीनंच सुजलं होतं. तिनं साखरही वाढवली होती, म्हणून जखम भरत नव्हती. ती गोळी आता लगेच तोडायची नाही, महिन्या-महिन्यानं थोडी थोडी उतरवायची, तीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. हे सगळं त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी अडखळले तर ते थांबले. डॉक्टर आणि सिस्टर, त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

पण बाकावर बसल्या बसल्या माझा संताप वाढत होता. आमच्या आजोबांची मेंढरं होती. जनावरांच्या दवाखान्यात गेले की कुठल्या मेंढीला कधी काय पाजलं, कुठला पाला, कुठलं औषध, आजोबा तोंडपाठ सांगायचे. डॉक्टर चिडतील म्हणून मेंढीचं काही लपवलं नाही त्यांनी. आणि आम्ही, त्यांची शाळेत गेलेली नातवंडं, आईचं लपवून बसलो.

मग मी दादाला बाकावरच धरलं. दोनशे पानी वही आणली. आई, दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, प्रत्येकाला वेगळी पानं. कुणाला काय दुखणं, कुठली सुई सोसत नाही, रोजची गोळी कुठली. नाव लिहून न देणाऱ्याचं औषध घ्यायचं नाही. आणि आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायचा नाही, आजच ठरवायचा : साध्या तापाला कुणाकडं, रात्रीबेरात्री कुठल्या दवाखान्यात, वस्तीवरून जीप कुणाची, तो नसला तर कुणाची. दादा म्हणाला, "सगळं धडधाकट असताना असलं लिवायचं? अभद्र वाटतंय." मी म्हटलं, "लग्नाच्या पत्रिका सहा महिने आधी ठरवतोस ना? मग?" त्यानं जीपवाल्याचं नाव लिहिलं.

गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी मी त्या स्कूटरवाल्या डॉक्टरांच्या खोलीवर गेले. बाहेर दहा-बारा माणसं बसलेली. मी आत जाऊन म्हटलं, "पांढऱ्या गोळीचं नाव लिहून द्या."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आईला चालता येत न्हवतं तेव्हा तूच पाया पडलीस ना माझ्या? जोराचं औषध द्या म्हणून तुमीच मागं लागता."

हे खरं होतं. त्यानं मी आणखी पेटले. "आमी अडाणी होतो म्हणून मागितलं. तुमाला तर माहीत होतं ना? बंद करू नका एवढं तरी सांगायचं! माझी आई मेली असती!"

"मेली का? मग?"

बाहेरून एक तात्या ओरडले, "ए बाय, देवमाणूस हाय तो! गोव्याचं वारं लागलंय व्हय तुला?" बाकीचे हसले. नाव काही मिळालं नाही. मी रडत रस्त्यावर आले.

एसटीच्या थांब्यापर्यंत एक बाई माझ्यामागून चालत आली. माझ्याच वयाची, पदर तोंडाशी धरलेला. आजूबाजूला कुणी नाही बघून तिनं विचारलं, "गोळी कशी दिसती म्हनलीस?" आणि पदर सोडला. तोंड गोल, गाल तुकतुकीत. "मला दम्यावर देत्यात. दीड वरीस झालं." तिनं मुठीतली पुडी उघडली. "टाकून देती बघ आत्ताच."

मी तिचं मनगट इतक्या जोरात धरलं की ती दचकली. "टाकू नकोस! एक दिवस बी चुकवू नकोस. आधी बारामती, मग गोळी कमी."

"तितं डॉक्टर चिडलं तर?"

"चिडू दे. तू सांग."

तिला एकटीला धीर होईना. मी गोव्याचं जाणं दोन दिवस पुढं ढकललं आणि दुसऱ्या सकाळी तिला घेऊन बारामतीची गाडी पकडली.

याला आता बरेच महिने झाले. आई हळूहळू चालते, गुडघे दुखतात तेव्हा शिव्या घालते, मला पत्रातून त्या शिव्या पोचतात. माझा राग गेलेला नाही. देवाजवळ मी आईसाठी आयुष्य मागते, त्या सिस्टरांसाठी मागते. राग जावा असं मात्र मागत नाही. गप्प बसण्यापेक्षा तो परवडला.