वाळूवरचा कचरा आणि माझा तराजू

दुष्काळात आमचा आठवडी बाजार नदीच्या पात्रातच भरायचा. पाणी नव्हतंच, होती ती वाळू. मी मडकी विकायचो. कुंभार नव्हे, भूम तालुक्याकडच्या चार गावांतल्या कुंभारांचा माल गाडीत भरून आणायचा आणि विकायचा, हा धंदा. ज्याच्याकडं पैसे नसत त्याच्याकडून ज्वारी तोलून घ्यायचो, म्हणून तराजू कायम गाडीत असायचा. वाळूवरची माझी जागा मला कोणी दिली नव्हती. अंधारात येऊन, भांडून, अकरा वर्षं बसून मिळवली होती. मडक्याला वाळूच लागते. बूड रुतून बसतं, कलंडत नाही, गिऱ्हाइकाला चारी बाजूंनी वाजवून बघता येतं.

त्या वर्षी सहकारी भांडारानं माझ्या शेजारी पाल ठोकलं. साखर, चहा, मसाला, सगळं पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत. तोवर आमच्याकडं माल कागदात नाहीतर पदरात जायचा. बाजार उठला की पिशव्या वाळूवर लोळायच्या. थोडं खाली गावाचे झिरे होते. वाळूत दोन हात खड्डा उकरायचा आणि पाझरून येईल ते पाणी वाटीनं भरायचं, असा तो दुष्काळ. कचरा झिऱ्यांत जायला लागला तशी गावात ओरड झाली. भांडाराचे चेअरमन पंचायतीतही होते. ते भर सभेत म्हणाले, घाण मडकेवाल्याची आहे, फुटका माल तो तिथंच टाकून जातो. ज्याचा कचरा जास्त निघेल त्यानं वाळू सोडावी.

माझं डोकं फिरलं. उभा राहून म्हणालो, "तोंडानं कशाला सांगता? माझा तराजू घ्या आणि लोकांसमोर तोला."

"तुमचाच तराजू, तुमचाच शब्द," चेअरमन म्हणाले. "तोलू."

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसेवक वही घेऊन आले. मी कासरा ताणून वाळूवर पट्टा आखला, बाजाराच्या वरच्या टोकापासून झिऱ्यांपर्यंत, बैलगाडीएवढा रुंद. त्यातलं एकेक वेचायचं आणि कुठून आलं ते बघून ढीग लावायचा. एसटीची तिकिटं स्टँडवरून उडून आलेली. राख वरच्या आळीतल्या चुलींची. बिड्यांची थोटकं सगळ्यांचीच, म्हणून ती बाजूला. भांडाराच्या पिशवीवर शिक्काच होता, तिथं वाद नव्हता. तिचा ढीग माझ्या कमरेला लागला आणि मला मनातून हसू फुटत होतं. खापऱ्यांचा ढीग गुडघ्याच्याही खाली होता.

झिरा रोज उकरणारी एक म्हातारी काठावर बसून बघत होती. ती म्हणाली, "तोलतूस कशाला बाबा? नग मोज, किती हाईत ते. पिशवीला वजन असतंय व्हय?"

मी तिच्यावरच खेकसलो. "आजी, तुमी पाणी भरा. तराजू मला कळतो."

मग तोललं. पिशव्यांचा अख्खा ढीग पारड्यात दाबून बसवला, तर अर्ध्या किलोचं माप उचललं नाही. खापऱ्यांसमोर पाच किलो टाकलं, तरी त्यांचं पारडं भुईवरच. मागून कोणीतरी म्हणालं, "शेट, आज दांडी मारायची इसरला काय?" आणि सगळे हसले. ग्रामसेवकसुद्धा.

मी खूप बोललो. खापरीखालून पाणी पाझरतं, पिशवी मात्र झिऱ्याचं तोंड बंद करते, हे सांगितलं. निम्म्या खापऱ्या तर बायकांच्या डोक्यावरून पडून फुटलेल्या, विकलेलं मडकं माझं कसं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मग विकलेली पिशवीही भांडाराची राहत नव्हती. चेअरमन एवढंच म्हणाले, "वजनानं ठरलं होतं. आता नगावर येता?"

माल हातात घेतल्याशिवाय मी उभ्या आयुष्यात कधी माप ठरवलं नाही. त्या एका सभेत ठरवलं, तेही रागाच्या भरात. पण म्हणून चेअरमन खरे ठरत नाहीत. पिशव्या काय करतात ते त्यांना माझ्याइतकंच दिसत होतं.

पुढच्या बाजाराला मी रस्त्याकडेच्या मुरमावर बसलो. तिथं मडकं उभं राहत नाही. एकेकाखाली पाचटाची चुंबळ सारता सारता दुपार झाली, आणि एसटी गेली की सगळ्या मालावर धूळ. खाली वाळूवर माझ्या जागी भांडाराचं दुसरं पाल लागलेलं दिसत होतं. म्हातारी झिऱ्यातून पिशव्या ओढून काढत होती, हेही दिसत होतं.

उन्हाळा चढल्यावर चेअरमनच्या घरचा गडी रांजण घ्यायला आला. मी भाव सांगितला. तो घरी विचारून परत आला, तेव्हा मी आणखी वाढवून सांगितला. तिसऱ्यांदा आला तेव्हा घामानं निथळत होता. "शेट," तो म्हणाला, "द्यायचा न्हाय असं तरी सांगा, म्हंजी मी हेलपाटं घालायचा न्हाय."

"द्यायचा न्हाय," मी म्हणालो. "त्यास्नी सांग, भांडारात पिशवी मिळंल. तिच्यात पाणी भरून ठेवा म्हणावं."