शेवंताबाईंचं गंगावन

शेवंताबाईंच्या डोक्यावरचा पदर भर मे महिन्यातही ढळायचा नाही. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही दोघी नव्यानं संसार मांडलेल्या शेजारणी होतो. एका दुपारी वावटळीनं तो पदर उडवला आणि मी बघतच राहिले. बाईंच्या डोक्यावर जेमतेम बोटभर केस होते.

"डोंगरगडच्या देवीले दिले," त्या म्हणाल्या. "यायले बरं वाटू दे म्हणून. कोणाले सांगू नको."

त्यांचा नवरा कारखान्यात क्रेन चालवायचा. छातीच्या आजारानं तो महिनोन्महिने दूरच्या इस्पितळात पडून होता. सवाष्णीनं केस देणं त्यांच्याकडे अशुभ, त्यात त्याला बायकोच्या लांब वेणीचं कोण कौतुक! तो घरी यायच्या आत केस वाढायला हवेत, हा एकच घोर बाईंना लागला होता.

मग दुपारी आमचा उद्योग सुरू झाला. केस साळिंदरासारखे उभे राहायचे. त्यांवर खोबरेल थापून ओलं फडकं बांधलं, की तासभर गुमान बसायचे. कानांवर आले तेव्हा मी आकडे खोचून भांग पाडून दिला. "पोरासारखीच दिसून राहिली वं मी, सुमन," म्हणून त्या आरशात बघून हसल्या.

सुपेल्याच्या बाजारात मात्र पदर घसरला. कासारणीनं हातातल्या हिरव्या बांगड्या खाली ठेवल्या आणि हळू आवाजात विचारलं, "कधी गेले वं?" बाईंच्या कपाळावर एवढं ठसठशीत कुंकू होतं, तरीही. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या जित्या माणसाले मारलं तिनं." मला इतका राग आला होता, की दुसऱ्याच दिवशी मी गंगावन आणून त्यांची लांब वेणी घातली.

ती वेणी घालून त्या नवऱ्याला भेटायला गेल्या. सोबत मी होते. तो खाटेवर नुसता हाडांचा उरला होता. बायकोला बघून हसला, आणि पूर्वीच्या सवयीनं वेणी पुढं ओढली. ती त्याच्या हातातच आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे कावून केलं, शेवंते?"

"तुमच्यासाठी."

तो रागावला नाही. तिला जवळ बसवून त्या आखूड केसांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिला. "असेही चांगलेच दिसतेत," म्हणाला.

महिना उलटायच्या आत तो गेला.

पुढे बाईंचे केस भराभर वाढले. मानेखाली उतरू लागले, की त्या कात्री घेऊन माझ्याकडे येत. विधवेचा आचार पाळते म्हणून लोक त्यांना नावाजत, त्या ऐकून घेत. एकदा मात्र मी हट्टच धरला, की आता राहू द्या, किती छान आलेत. त्या माझ्यापुढं पाठमोऱ्या बसल्या.

"त्यायनं हात फिरवला तवा एवढेच होते," त्या म्हणाल्या, आणि बोट मानेवर टेकवून मला जागा दाखवली.