नानाने तिखट सोडलं

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. "आत्या, नाना गेले," तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. मग पारोळ्यामार्गे जाणारी जळगावची बस धरली. त्याला आता महिना होत आला. रडू अजून आलेलं नाही... येईल तेव्हा येईल.

नाना माझा धाकटा भाऊ, प्रशांत त्याचा मुलगा. जळगावात मेहरूणला नानाचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. जामनेरकडचे शेतकरी जळकी मोटार घेऊन आले की हा आधी त्यांना झापायचा, "आवाज बदलना तव्हाच का नही आनी?" माणूस तोंडाळ, पण खाण्याखिलवण्याचा भारी शौकीन. हिवाळ्यात भरिताची वांगी कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर तोच भाजणार, आणि हिरव्या मिरच्या किती घालायच्या हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की याला भरीत जमल्याचा आनंद.

म्हणून शौचातून रक्त पडलं तेव्हा त्याने, आणि आम्ही सगळ्यांनीच, मिरचीला दोषी धरलं. आमच्याकडे असलं दुखणं म्हणजे एकतर उष्णता, नाहीतर मूळव्याध. नानाने तिखट सोडलं. उभ्या जन्मात कसला नेम न पाळलेला माणूस भरिताच्या पंगतीत दहीभात खाऊ लागला. आणि रक्त थांबलं! त्याची बायको सुमन डॉक्टरांकडे चला म्हणाली, तर हा म्हणे, "काही नही, तिखट बाधनं व्हतं. आते बठ्ठं बरं शे." सगळं बरं, म्हणजे विषय संपला. आम्ही त्याच्या निग्रहाचं कौतुक केलं. पुढे रक्त परत सुरू झालं, वजन उतरलं. दुर्बीण घालून पाहिलं तोवर मोठ्या आतड्यातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांनीच बजावलं होतं की सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्या. दिवसकार्य आटोपल्यावर मी धुळ्यात कोलोनोस्कोपी करून घेतली. एक पॉलिप निघाला, आतड्याच्या अस्तरावर आलेला मांसाचा कोंब, हरभऱ्याएवढाही नाही. तिथल्या तिथे काढला. "घाबरू नका, ज्यांची ही तपासणी करतो त्यांतल्या पुष्कळांच्यात असे सापडतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेकांचं काही होत नाही. एखादा वर्षानुवर्षं वाढत जातो आणि त्याचा कॅन्सर होतो, म्हणून दिसला की काढायचा."

"माझ्या भावाचाही सुरुवातीला असाच असेल?"

"असू शकतो."

इतकी साधी गोष्ट... इतक्या लोकांना होणारी. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. रिपोर्ट चांगला आला तेव्हाही नाही.

राहिला प्रशांत. तो तयारच होईना. "मला काही त्रास नाही आत्या, आणि तिथून कशाला तपासायचं..." लाज वाटत होती, दुसरं काय. मी जळगावला जाऊन त्याच्यासमोर बसले. "मलाही काही त्रास नव्हता," म्हटलं. तेव्हा कुठे तो जाऊ म्हणाला.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पोट साफ करायचं औषध घ्यायचं होतं. ते ग्लासामागून ग्लास प्यावं लागतं आणि चव अशी की नको तो जन्म. प्रशांत नानाच्या खाटेवर बसला. नाना गेल्यापासून त्या खाटेवर कुणी बसलं नव्हतं, चादरसुद्धा तशीच होती. सुमन शेजारी जग घेऊन उभी. निम्म्यावर त्याने तोंड वाकडं केलं. "बस झालं आई. पोट साफ झालंय माझं."

सुमनने, जिने एवढ्या वर्षांत घरात कधी आवाज चढवला नाही, त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आवाज तिने आत्ताही चढवला नाही.

"तुना बापनं ऐकं मी," ती म्हणाली. "तुनं ऐकनार नही."

त्याने ग्लास रिकामा केला. तिने तो पुन्हा भरला.