माधव म्हणाला

काल नातीनं माझ्यासमोर दोन कागद ठेवले. तिनं रेकॉर्ड केलेलं माझं बोलणं एकावर जसंच्या तसं उतरवलेलं, अगदी 'अगं', 'म्हणजे' आणि खोकल्यासकट. दुसऱ्यावर तेच साफसूफ करून. यातलं एक घरच्या पुस्तकात जायचं होतं. मी साफसूफवालं उचललं आणि पहिल्याच ओळीला अडले. 'माधव म्हणाला, चहा टाक.'

"अगं बाई! असं मी म्हटलं?"

"तू नुसती 'हे, हे' करत होतीस, आजी. वाचणाऱ्याला कळायला नको?"

उभ्या जन्मात मी ह्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेही सगळ्यांनी छळल्यावर. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं, तर तेव्हाची ती नवरी, म्हणजे मीच, डोक्यावर पदर आणि डोक्यात भुसा, शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "तुम्हीच सांगा ना!" त्या ध्यानाचं आता हसू येतं. पण कागदावरचा हा माधव मला कुणी परका पुरुषच वाटला. मी संसार केला तो 'ह्यांच्या'शी. त्या एवढ्याशा शब्दात धाक होता, लाडही होता. हे गेल्यावर तेवढंच तर माझ्या तोंडात उरलंय.

"जसंच्या तसं तेच छाप," मी म्हटलं. "खोकल्यासकट."

"सगळंच?"

मी जरा विचार केला.

"भाजी खारट झाली म्हणून ह्यांनी ताट सारलं होतं ना, तेवढ्या जागी तुझं राहू दे. 'माधव ओरडला.' वाचू देत वरून!"